तायडे साहेबांचा कान

पोलोग्राउंडच्या कारखान्यांमध्ये लोक आमच्या यांना नमस्कार करायचे नाहीत, यांच्या कानाला करायचे. खरंच सांगते. ज्ञानदीप तायडे असं चांगलं नाव आहे, पण तिथे नाव कोण घेतं? गेटवरचा वॉचमनच आत ओरडायचा, "कानवाले साहब आ गए!" काम काय, तर कारखान्यांचे बॉयलर आणि वाफेच्या टाक्या तपासायच्या आणि चालवायला हरकत नाही असं लिहून द्यायचं. यांनी सही केली की भट्टी पेटणार, नाही केली की सगळं थंड. बॉयलर म्हणजे तरी काय, मोठा प्रेशर कुकरच. फक्त हा फुटला तर भिंत घेऊन जातो, आणि भिंतीपलीकडची माणसंही.

नियमाने टाकीत गार पाणी भरायचं, पंपाने दाब द्यायचा आणि कुठून झिरपतं का ते बघायचं. पण त्यात अख्खा दिवस मोडतो, काम बंद राहतं, सेठलोकांच्या पोटात गोळा येतो. आमच्या यांची रीत वेगळी. लाकडी दांड्याची छोटी हातोडी काढायची, पत्र्याजवळ कान न्यायचा आणि ठोकत जायचं. टण् वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत काहीतरी फाटलंय. आणि यांनी बद्द म्हटलं की उघडल्यावर फाटलेलं निघायचंच. म्हणून सेठलोक खुश, हेही खुश. नवीन पोरं पत्र्याची जाडी मोजायला मशीन घेऊन यायची, तर हे त्यांना हसायचे. "मशीनची बॅटरी उतरते बेटा, माझा कान नाही उतरत." मी तोंडावर म्हणायची, "सराफ्यात जाऊन कानाला सोन्याची डबी करून घ्या एकदाची."

घमेंड होतीच, पण ती कुठून आली ते मला माहीत होतं. हे महूचे. सासरे फौजेच्या वर्कशॉपमध्ये, आणि हे घरातले पहिले इंजिनियर. तरुणपणी पोलोग्राउंडला आले तेव्हा एका सेठने आडनाव ऐकून चहा बाहेर पाठवला होता, वेगळ्या गिलासात. आज त्याच सेठचा मुलगा यांच्यासाठी खुर्ची पुसतो. असं काही माणूस विसरत नाही हो. का विसरावं?

आता माझं सांगते. मी सुनीता, आंगणवाडीत शिकवते. लेकरांच्या गलक्यात ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी कानगोष्ट केली तरी शेजारच्या घरात उत्तर मिळतं. त्यामुळे झालं काय, घरात कोणाला काही कळलंच नाही. बाहेरचे म्हणायचे, साहेब आजकाल लक्ष देत नाहीत. पुण्याहून आमच्या मानसीचा फोन आला की हे "आईशी बोल" म्हणून तो माझ्या हातात कोंबायचे. मला वाटायचं, भाव खातात.

डिसेंबरातली ती सकाळ. मी डाळीचा कुकर लावला, यांना म्हटलं शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. वरून शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. म्हटलं, आता उठतील. पण शिट्ट्या होतच राहिल्या. जळका वास जिन्यात आला तशी मी धावत खाली आली.

बघते तर हे ओट्याला लागून खुर्चीवर बसलेले, हात लांबवला तर कुकरला लागेल इतके जवळ. पेपर वाचत होते. आणि बाजूला कुकर किंचाळत होता.

"अहो! शिट्ट्या!" मी ओरडली.

"एकही नाही झाली अजून," हे शांतपणे म्हणाले आणि पान उलटलं.

मी गॅस बंद केला. डाळ गेली चुलीत, तिचं मला काही नव्हतं. मला भलतंच आठवलं. मी विचारलं, "काल कुठे गेले होते तुम्ही तपासायला?"

"राठीजींची लॉन्ड्री. पास करून टाकली. आज भट्टी लावतील."

ही लॉन्ड्री म्हणजे दवाखान्यांच्या चादरी वाफेवर धुणारा कारखाना. तिथे इस्त्रीच्या हॉलमध्ये आमची दुर्गा काम करते. दुर्गा यांची सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर यांनीच तिला तिथे लावलं होतं, वर छाती फुगवून म्हणाले होते, "माझ्या पास केलेल्या बॉयलरच्या शेजारी बसतेस, निवांत झोप." हॉल आणि बॉयलर यांच्यामध्ये एक भिंत, बस्स.

हे उठून आत तयार व्हायला गेले. माझ्या पिशवीत आंगणवाडीची पितळेची घंटी असते, तिचा आवाज कसा टोकदार, गल्लीतली कुत्री पळतात. मी ती घेतली आणि यांच्या मागे जाऊन उभी राहिली. हे आरशासमोर मान खाली घालून शर्टाची बटणं लावत होते. मी घंटी वाजवली. यांचं बटण सरळ काजात गेलं. मी अजून जवळ गेली, जोरात वाजवली. पुढचं बटण. देवाशपथ म्हणायची सवय नाही आमच्यात, पण त्या वेळी कोणाचं तरी नाव घ्यावंसं वाटलं.

मग यांनी मान वर केली आणि आरशात माझा हात पाहिला. घंटी हलताना पाहिली.

मी घंटी हलवायची थांबवली नव्हती, मला थांबताच येईना. शेवटी यांनी वळून माझं मनगट धरलं.

"माहीत आहे मला," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"आधी बारीक आवाज गेले. चिमणी, फोनची घंटी. मला वाटलं वय झालं, चालायचंच." हे पलंगावर बसले. "मग वर्षापूर्वी टण् गेला. चांगला पत्रा ठोकला तरी बद्द, फाटलेला ठोकला तरी बद्द. सगळंच बद्द वाजायला लागलं. मग काय करू, सगळ्या पोलोग्राउंडला कुलूप लावू?"

"मग वर्षभर करत काय होते तुम्ही?"

"अंदाज. वेल्डिंग बघायचं, गंज बघायचा. भट्टीवाल्याच्या तोंडाकडे बघायचं, तो घाबरलेला आहे की नाही."

"तोंडाकडे? अहो, फुटल्यावर तोंड राहील का त्याला? उचला फोन आणि राठीला सांगा!"

"नाही."

"दुर्गा बसलीय तिथे."

"राठीचा बॉयलर चांगला आहे. मला वाटतंय चांगला आहे."

"वाटतंय? तुमच्या वाटण्यावर दुर्गाला शेकत बसवलंय?"

हे एकदम भडकले. "तुला काय कळतं? एकदा तोंडातून गेलं की संपलं. ते लोक म्हणणार नाहीत की तायडेचा कान गेला. म्हणतील, यांच्यात असंच असतं, चढवून ठेवले होते. मला चहा बाहेर मिळाला होता, सुनीता! तिथून मी खुर्चीपर्यंत आलो!" आणि तोंड खिडकीकडे फिरवून बसले. त्या क्षणी मला या माणसाची किळस आली, खोटं कशाला बोलू? आणि दयाही आली, त्याचाच जास्त राग आला.

दुर्गाला फोन लावला. उचलणार कुठून, कामावर फोन कपाटात ठेवून घेतात. राठीचा नंबर यांच्या फोनमध्ये, आणि फोन यांनी मुठीत धरलेला. मी ॲक्टिव्हाची चावी उचलली.

लोकमान्य नगर ते पोलोग्राउंड काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. प्रत्येक सिग्नल माझ्याच नावाने लाल. मनात एकच, पेटवली नसेल, अजून पेटवली नसेल. मरीमाता चौराह्याजवळ आली आणि धाडकन आवाज झाला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून मी आभाळात धूर शोधायला लागली. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ आंटी, बारात है, सुतली बम है, चलो आगे!" लग्नाची वरात होती मेली. त्यांच्या नाचाकडे बघत बघत मी रडायला लागली, आणि रडत रडतच गाडी पुढे काढली.

लॉन्ड्रीच्या चिमणीतून धूर निघत होता. म्हणजे पेटवली होती.

आत गेली तर बायकांची न्याहारीची सुट्टी झालेली. आणि काय बघते, सगळ्या जणी त्या भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेल्या, मांडीवर डबे. थंडी होती ना. मधोमध दुर्गा. मला बघून तिचं तोंड खुललं, "या वहिनी, तुम्ही कशा? बसा इकडे, भिंत मस्त गरम झालीये!"

"उठ," मी म्हटलं. आवाजच फुटेना. माझा आवाज, जो चार घरं ऐकतात! मग सगळा जोर लावून ओरडली, "उठो! सब उठो, बाहर निकलो!"

बायका हसल्या. त्यांना वाटलं साप-बिप निघाला. तेवढ्यात राठीजी आले. "क्या हुआ मैडम?"

"भट्टी बंद करो. अभी."

"अरे, पर साहब कल ही तो पास करके गए. कान लगाके."

"गलती हुई है उनसे."

"तायडे साहब से गलती?" राठी बाकीच्यांकडे बघून हसला. "घर में कुछ कहा-सुनी हो गई क्या मैडम?"

"सुनाई नहीं देता उनको! बहरे हो गए हैं वो!"

कोणाला खरं वाटेल? भांडून आलेली बायको, नवऱ्याची अब्रू काढतेय, असंच सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. दारातून बॉयलरवरचा दाबाचा काटा दिसत होता. तो वर सरकत होता, अगदी सावकाश, आणि मला त्याच्यावरून नजर हलवता येत नव्हती. मी दुर्गाचा हात धरून तिला ओढायला लागली. तिने हिसडा दिला. "वहिनी, तमाशा नका करू! माझी नोकरी घालवाल!" डबा सांडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती भिंतीला चिकटूनच बसली, हट्टाने. मला तेव्हा कळलं की मी हिला इथून हलवू शकत नाही. मग मी पण तिच्या शेजारी बसली. दुसरं काय करणार? पाठीला भिंत गरम लागत होती. मी डोळे मिटून घेतले.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. हे आले होते. शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली, हातात पिशवी नाही, हातोडी नाही. राठीने सवयीने खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत. आधी दुर्गाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या भिंतीकडे.

"राठीजी, भट्टी उतारो."

"साहब, आप भी? हुआ क्या है?"

राठीने हे चेहरा वळवून म्हटलं, त्यामुळे यांना ते कळलंच नाही. यांनी पुढे सरकून त्याचा खांदा धरला. "मेरी तरफ देखके बोलिए. मुझे सुनाई नहीं देता. मैंने कल कुछ नहीं सुना. साल भर से नहीं सुना. अंदाज से पास करता हूँ."

राठीचा रंग असा उतरला की विचारू नका. मग तो जो धावला! भट्टीवाल्याने जळती लाकडं ओढून बाहेर काढली, बायकांना रस्त्यावर पिटाळलं. पण बॉयलर म्हणजे काही गॅसची शेगडी नाही की बटण फिरवलं आणि झालं. आत वाफ कोंडलेली असते, ती हळूहळू सोडावी लागते. सोडली तेव्हा अशी किंचाळली की रस्त्यावरच्या सगळ्यांनी कानांवर हात दाबले. आमचे हेच एक हात खाली सोडून उभे होते, नुसते बघत. बायकांनी ते पाहिलं. तेव्हा त्यांना पटलं, आणि मग एकेक जण भीतीने रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी राठीने पाणी भरून दाब देऊन घेतला. दुसरा इंजिनियर बोलावला. टाकी ठणठणीत निघाली. एक थेंब पाझरला नाही.

झालं. काल घाबरलेले सगळे आज चिडलेले. राठी म्हणाला, "कान तो गया ही था, दिमाग भी गया." चादरी वेळेवर गेल्या नाहीत म्हणून दवाखाने त्याच्यावर ओरडले, तो दुर्गावर ओरडला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. दुर्गा घरी आली ती दारातच उभी राहिली. "दादा, चांगलाच होता ना बॉयलर? मग गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?" यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ओठांवरून कळलं असणार. यांनी मान खाली घातली.

संध्याकाळी मी यांच्यापुढे चहा ठेवला. मला वाटलं, आता हे महिनाभर तोंड लपवून बसतील. तर म्हणतात कसे, "उद्या प्रमोदिनीबाईंकडे जायचं. मुरब्ब्याचा कारखाना. त्यानंतर कापडं रंगवणारे ते रंगाईवाले. मग बाकीचे."

"कशाला?"

"वर्षभरात जे जे पास केले ते सगळे."

आता खरं सांगते, माझ्यातला सगळा जोर त्या भिंतीपाशीच संपला होता. दुर्गा सुखरूप होती, मला अजून काय हवं होतं? मी म्हटलं, "राहू द्या हो. राठीचा चांगला निघाला, तर बाकीचेही चांगलेच असतील. नाक कापून झालं ना एकदा, आता घरोघर दाखवत फिरायचं आहे का?"

"काल तूच मला सांगायला लावत होतीस," हे म्हणाले. "काल मला पण वाटतच होतं, चांगले असतील."

मी डोकं चालवलं. "बरं, चला. पण कारण सांगू नका. म्हणा, नियम बदललेत, परत बघायचंय, पाणी भरा. जीवही वाचतील आणि इज्जतही. सापही मरेल, काठीही तुटणार नाही." यांनी माझ्या ओठांकडे बघून ते समजून घेतलं. मग "बरं" म्हणाले.

प्रमोदिनीबाईंचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड, आवळ्याचा वास, मोठ्या वाफेच्या कढया आणि त्यांच्या मागे ती टाकी. बाई स्वतः साठीच्या, तोंडाच्या फटकळ पण मनाच्या मोकळ्या. त्यांच्या कानावर राठीचं सगळं आलं होतं. "या साहेब! तो राठी काहीतरीच बोलत सुटलाय. मी म्हटलं, तायडे साहेबांचा कान? तोंड सांभाळून बोल! काय म्हणता, पाणी भरायचं? भरा. तुम्ही सांगितलंत म्हणजे काहीतरी असेलच."

भट्टी थंड करून पाणी भरलं, पंप लावला. काम करणाऱ्या बायका हात पुसत भोवती जमल्या. यांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मी यांच्या मागे, पदर तोंडात. काटा चढत होता. पत्रा कोरडा होता. मनात म्हटलं, हाही चांगला निघणार, आता हसतील, निघा घरी.

खालच्या जोडापाशी पत्र्याला घाम फुटल्यासारखं झालं. कोणाला ते विशेष वाटलं नाही. फक्त हे दोन पावलं मागे सरले आणि हात आडवे करून आम्हा सगळ्यांना मागे लोटलं. पुढच्या क्षणी तो जोड उसवला. पाण्याची धार अशी सुटली की समोरच्या भिंतीचा गिलावा उडाला. कढया ढवळताना बायका बसतात ते पाट त्या भिंतीशीच मांडलेले होते. दोन पाट उलटेपालटे होऊन पार दारापर्यंत गेले.

पंप बंद केला. पाणी थांबलं. हे गार पाणी होतं. तिथे वाफ असती तर, एवढंच प्रत्येकीच्या डोळ्यांत होतं. एका पोरीला ओकारी झाली.

आणि मग प्रमोदिनीबाईंनी यांचे पायच धरले. "साहेब, देवमाणूस आहात! दारात यायच्या आधीच कळलं तुम्हाला! मशीन काय करणार अशा कानापुढे? बोलावते त्या राठीला, त्याच्या तोंडावर सांगते!" बायका पुढे झाल्या. कोणी यांच्या पायाला हात लावतेय, कोणी रडतेय. कोणीतरी मुरब्ब्याचा आवळा यांच्या हातावर ठेवला. आणि मी? मला हसू फुटत होतं! नाटक नाही, मनापासून. गेलं ते सगळं परत मिळालं होतं, वर व्याजासकट. खुर्ची, साहेब, कान. दुर्गाची नोकरीसुद्धा मिळेल, राठी हात जोडत येईल. फक्त यांनी तोंड उघडायचं नव्हतं. यांनी आवळा हातात धरला होता, आणि मी पाहिलं, यांची पाठ ताठ झाली, मान वर गेली, ओठांवर ते जुनं हसू यायला लागलं. आता हे घरी येतील तर कोण म्हणून येतील, त्याची भीती वाटली.

यांनी आवळा बाजूच्या कढईच्या काठावर ठेवला. हाताचा पाक शर्टाला पुसला.

"बाई, उठा. पाया नका पडू. राठी खरं बोलतोय. मला ऐकू येत नाही. मला इथलं काही कळलं नव्हतं. मागच्या वेळी मीच ही टाकी पास केली, न ऐकता. तेव्हापासून तुम्ही सगळ्या इथे बसताय, ते माझ्या सहीवर."

पायाला हात लावत होत्या त्या बायका मागे सरल्या. प्रमोदिनीबाई जमिनीवरच बसून राहिल्या, तोंड उघडं.

मागून इंदुमती म्हणून एक म्हातारी पुढे आली. तिचा पाट दारात उलटा पडला होता. तिने यांच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. हे तिच्या ओठांकडे बघत राहिले, पण म्हातारीला दात नव्हते, ओठ काही सांगेनात. यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला ते सांगायचं नव्हतं. पण मी गेली, यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि आंगणवाडीतल्यासारखी ओरडली, शेडभर ऐकू जाईल अशी: "त्या विचारतायत, मागच्या वेळी तुम्ही हातोडीने ठोकलंत, मग माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, बिनधास्त बसा आजी. तेव्हा तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

हे म्हातारीकडे वळले. हात जोडायला उचलले, पण जोडले नाहीत.

"काही नाही, आजी," हे म्हणाले. "काहीच नाही."